किटली एक, कप किती?

शेतकऱ्याच्या घरातील बहुतेक वस्तूंना मान आहे. बैलाला पोळा आहे. नांगर-वखराला दसरा आहे. जात्याला ओव्या आहेत, आणि लग्नघरी त्याला हळदही लागते. कोपऱ्यात पडलेल्या केरसुणीलासुद्धा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कुंकू मिळते. एका वस्तूला मात्र वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांत स्वतःचा म्हणून एकही दिवस नाही. ती वस्तू म्हणजे चहाची किटली. पहाटे धारा निघाल्यापासून रात्री कोणी दारे धरायला निघेपर्यंत ती राबते. सोयरिकीच्या बैठकीत ती असते, वाटणीच्या भांडणात असते, मयताच्या घरी शेजारची बाई तीच घेऊन येते. पण तिला कोणी ओवाळीत नाही.

कृषी खात्याच्या विस्ताराच्या कामात माझी तीसेक वर्षे गेली. सभेची वेळ कागदावर अकराची असते. पण सभा खरी सुरू होते ती किटली आली म्हणजे. बियाण्याला औषध कसे चोळावे हे मी सांगतो तेव्हा लोक ऐकतात. हातात चहा आला म्हणजे लोक विचारतात. ऐकणे आणि विचारणे यांत जो फरक आहे, त्यावरच आमच्या कामाचे सारे यश अवलंबून असते. म्हणून या किटलीची हकीकत मुळापासून सांगावी असे फार दिवस मनात होते. हकीकत लांबची आहे. ती चीनमध्ये सुरू होते, आपल्या नगरच्या किल्ल्यातून जाते आणि शेवटी आपल्या ओट्यावर येऊन बसते.

एका हुकुमाची गोष्ट

चहाचे पेय चीनने जगाला दिले. पण आरंभी तिथे चहा आजच्यासारखा करीत नसत. पाने वाफवीत, कुटीत आणि दाबून त्यांच्या वड्या करीत. आपण उसाच्या रसाची ढेप करतो, तसाच काहीसा प्रकार. मग ती वडी भाजायची, दळायची आणि तिची पूड पाण्यात उकळायची किंवा घुसळायची. अशा चहाला तोटीच्या भांड्याची गरजच नव्हती. कढई आणि वाडगा असला की भागे.

१३९१ साली चीनच्या मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहाने हुकूम काढला, की दरबारात करभार म्हणून चहाच्या वड्या पाठवू नका, सुटी पाने पाठवा. वड्या करण्यात रयतेचे श्रम फार जातात, हे त्याचे कारण होते. हा बादशहा गरीब शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला होता, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सुटी पाने आली तशी रीत बदलली. पानांवर उकळते पाणी ओतायचे, थोडा वेळ झाकून ठेवायचे, आणि पाने मागे राहून नुसता अर्क बाहेर येईल असे ओतायचे. हे काम वाडग्याने होत नाही. त्याला झाकण पाहिजे, तोटी पाहिजे, धरायला कान पाहिजे. पुढे यीशिंग नावाच्या गावच्या कुंभारांनी या कामात मोठे नाव मिळवले. तिथली माती जांभळट-तांबूस. तिच्यावर ते चकाकीचा लेप देत नाहीत; आपल्या माठासारखी ती उघडीच ठेवतात. सोळाव्या शतकापासून या गावच्या चहादाण्या प्रसिद्ध आहेत. त्या फार लहान असतात, एका-दोघांपुरत्या.

चहादाणी पाहायला साधी, पण तिची बांधणी विचाराची आहे. तोटीचे तोंड भांड्यातल्या चहाच्या पातळीपेक्षा वर ठेवावे लागते, नाही तर भांडे भरताच चहा बाहेर सांडेल. झाकणाला बारीक भोक लागते, कारण आत हवा गेल्याखेरीज चहा धारेने बाहेर येत नाही. गचके देत येतो. तोटीच्या मुळाशी बारीक छिद्रे असली तर पाने आतच अडतात. आपल्या घरची किटली हातात घेऊन पाहा, यातल्या एक-दोन खुणा तिच्यावर अजून सापडतील.

नाव एकीचे, काम तिसरीचे

चहा युरोपात गेला तो सतराव्या शतकात, डच आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या गलबतांतून. चहाबरोबर भांडीही गेली. पांढरी, पातळ, चमकदार चिनी भांडी पाहून तिकडचे कुंभार थक्क झाले. तशी माती कशी भाजायची हे त्यांना ठाऊक नव्हते. शेवटी १७१० साली जर्मनीतील माइसेन या गावी युरोपातला तसल्या भांड्यांचा पहिला कारखाना निघाला. आपण आजही ‘चिनी मातीची कपबशी’ म्हणतो. त्या दोन शब्दांत तो सारा इतिहास साठवलेला आहे.

इंग्रजाच्या घरात चहाची दोन भांडी असत. पाणी उकळायचे ते धातूचे. ते चुलीवर राही. त्याला ते केटल म्हणत. चहा मुरवायचे ते मातीचे. ते टेबलावर राही. त्याला ते टीपॉट म्हणत. आपल्याकडे नाव आले ते पहिल्याचे, आणि त्याची किटली झाली. काम मात्र तिला वेगळेच मिळाले. आपल्या किटलीत पाणी उकळत नाही आणि चहा मुरतही नाही. चहा होतो पातेल्यात. किटली तो घेऊन जाते आणि वाटते. माझ्या मते तिचे हे तिसरे कामच सर्वांत महत्त्वाचे आहे.

असे का झाले, तेही पाहण्यासारखे आहे. आसामच्या रानात चहाची झाडे आहेत हे १८२३ साली रॉबर्ट ब्रूस नावाच्या गोऱ्या माणसाला कळले. तिथले सिंगफो लोक ती पाने आधीपासून वापरीत होते. कळले ते साहेबाला. १८३९ साली आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनला झाला. पुढे कितीतरी वर्षे हिंदुस्थानात पिकलेला चहा मुख्यतः परदेशीच जाई. नंतर मळेवाल्यांना वाटू लागले, की इथल्या लोकांनाही चहाची सवय लागली पाहिजे. १९०३ साली चहावर उपकर बसवणारा कायदा झाला आणि त्या पैशांतून प्रचार होऊ लागला. बाजारांतून चहा करून दाखवीत. स्टेशनांवर पाट्या लागल्या: पाणी असे उकळा, पाने एवढी घाला, इतकी मिनिटे झाकून ठेवा.

आमच्या बायकांनी ती पाटी वाचली नाही, आणि वाचली असती तरी मानली नसती. चूल एक, जळण मोजके, घरात माणसे दहा. एका भांड्यात पाणी, दुसऱ्यात पाने, तिसऱ्यात दूध, हा थाट परवडणारा नव्हता. त्यांनी पाणी, पूड, गूळ सगळे एकाच पातेल्यात टाकून खळाखळा उकळले, फडक्याने गाळले आणि किटलीत भरले. १९३० च्या सुमारास आसामात पाने चिरडून, फाडून, वळवून त्यांचे दाणे करण्याचे यंत्र निघाले. हा दाणेदार चहा थोडक्यात गडद रंग देतो आणि दुधातही दबत नाही. आमच्या पातेल्याला तो नेमका मानवला. साहेबाची रीत बाजूला राहिली आणि आपली रीत देशाची रीत झाली.

किल्ल्यातला चहा

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. किल्ला मात्र तोच आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत राष्ट्रसभेच्या पुढाऱ्यांना पकडले आणि त्यांतल्या बारा जणांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. पंडित नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव ही त्यांतली काही नावे. पंडितजींनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ इथेच लिहिला, हे शाळेतली मुलेही सांगतात. पण राष्ट्रसभेचे त्या वेळचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद यांनी याच किल्ल्यात चहावर लिहिले, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मौलाना पहाटे तीन-चार वाजता उठत, आपल्या हाताने चहा करीत आणि लिहायला बसत. आपल्या एका विद्वान स्नेह्याला ते पत्रे लिहीत होते. ती पत्रे किल्ल्याबाहेर जाणार नव्हती, हे त्यांना माहीत होते. सुटकेनंतर १९४६ साली ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने उर्दूत प्रसिद्ध झाली. त्यांत चहाचे वर्णन फार मनापासून केलेले आहे. मौलानांना आवडे तो चमेलीच्या नावाचा चिनी चहा. त्यात दूध घालणे त्यांना मुळीच मान्य नव्हते. दुधामुळे चहाचा चहापणा जातो आणि मागे राहते ती एक पातळ गोड खीर, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. सोबतच्या पुढाऱ्यांत त्यांना या विषयात जोडीदार मिळाला नाही. पंडितजी बिनदुधाचा चहा घेत, पण कोणत्याही साध्या पानांवर त्यांचे भागे. आणि त्यांना गोड आवडे म्हणून गूळही चाले, अशी थट्टा मौलानांनी केलेली आहे. नगरच्या मातीत बसून गुळाला नावे ठेवणे आपल्याला जरा जड जाते. पण मौलानांना माफ आहे.

गंमत अशी की त्याच वर्षी, इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, महात्मा गांधी बंदिवासात होते आणि ‘आरोग्याची किल्ली’ लिहीत होते. त्यात त्यांनी चहा-कॉफीची शरीराला गरज नाही असे सांगितले आणि चहातील टॅनिनला दोष दिला. एकाच लढ्यातले दोन सेनापती, एकाच वर्षी, दोन तुरुंगांत; एक चहाचे गुण गातो, दुसरा त्याचे दोष सांगतो. गांधीजींच्या म्हणण्यातला एक भाग आजचे शास्त्रही मानते: जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी कमी लागते. आपल्या घरांतील कितीतरी बायकांचे रक्त कमी असते. त्यांनी भाकरी आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे, एवढे तरी या वादातून घ्यावे.

मौलानांची पत्रे वाचताना मला दुसरेच काही जाणवले. चहा उत्तम होता, पहाट शांत होती, तरी त्यांना तो एकट्याने पुरा गोड लागत नव्हता. न पोचणाऱ्या पत्रातून का होईना, त्यांनी एका मित्राला समोर बसवले. चहा असा पदार्थ आहे. पाणी माणूस एकटा पितो; चहाला दुसरे कोणीतरी लागते.

नगरी किटली

आपल्या खेड्यांत चहा स्थिरावला त्याला जिल्ह्याची शेतीही कारण झाली. १९५० साली लोणीजवळ प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटलांनी तो उभारला आणि धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष होते. त्या वाटेने मग एकामागून एक कारखाने निघाले. पुढे १९७० पासून देशात दुधाची महापूर योजना आली आणि संकरित गाईंनी गोठे भरू लागले. कोऱ्या गुळाच्या चहाची जागा दूध-साखरेच्या चहाने घेतली. कपातले पाणी आणि पूड सोडली तर बाकीचे सारे आपल्याच रानातले झाले.

किटली बहुतेक ठिकाणी जर्मलची, म्हणजे ॲल्युमिनियमची. तिच्याआधी पितळेची भांडी होती, पण पितळेला कल्हई लागे आणि कल्हईवाला येईपर्यंत थांबावे लागे. जर्मल हलके, स्वस्त आणि कल्हईवाचून चालणारे. बांधावरून डोक्यावर पाटी आणि हातात किटली घेऊन जाणाऱ्या बाईला हलकेपणाचे मोल कळते.

घरातील भगिनींसाठी दोन उपयोगी गोष्टी इथेच सांगून टाकतो. गुळाचा चहा फाटतो अशी तक्रार पुष्कळ ठिकाणी ऐकली. गूळ थोडा आंबूस असतो, म्हणून उकळत्या दुधात पडला की दूध नासते. त्यासाठी पाणी, पूड, आले आणि गूळ आधी चांगले उकळावे, भांडे खाली उतरवावे, आणि वेगळे तापवलेले दूध मग त्यात घालावे. त्यानंतर पुन्हा उकळू नये. दुसरी गोष्ट किटलीची. बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार तिच्यात धरतात. ते काढायला धुण्याचा सोडा वापरू नका. सोड्याने जर्मल काळे पडते आणि झिजते. लिंबाच्या साली किंवा थोडी चिंच घालून पाणी उकळावे, लगेच ओतून टाकावे आणि घासावे. आंबट पाणी तिच्यात रात्रभर ठेवू नये.

वळचणीचा कप

इथवर किटलीचे कौतुक झाले. आता जे सांगायचे ते कौतुकाचे नाही.

किटलीला तोटी असते, म्हणून ओतणाऱ्याला कपाला हात लावावा लागत नाही. ही सोय आहे. पण आपल्या समाजाने या सोयीचा फार वाईट उपयोग करून घेतला. गावोगावच्या हॉटेलांत दलितांचा कप वेगळा असे. तो आत नसे. बाहेर वळचणीला खोचलेला किंवा खिळ्याला अडकवलेला असे, बहुधा कान तुटलेला. माणसाने तो स्वतः काढायचा, स्वतः विसळायचा आणि पुढे करायचा. वरून चहाची धार पडे. किटली तीच, चहा तोच, पैसेही तेवढेच. कप मात्र वेगळा.

याच्याविरुद्ध उभे राहिलेले एक मोठे उदाहरण कोल्हापूरचे आहे. गंगाराम कांबळे हे छत्रपती शाहू महाराजांच्या नोकरीत होते. पाण्याला शिवल्यावरून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितले, मदत केली, आणि कांबळ्यांनी कोल्हापुरात ‘सत्यसुधारक’ हे चहाचे हॉटेल काढले. दलिताच्या हातचा चहा प्यायला लोक येईनात. तेव्हा महाराज आपली गाडी भर रस्त्यात त्या हॉटेलासमोर उभी करीत, चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या लोकांनाही पाजीत. राजाने घेतलेला चहा नाकारायचा कोणी? महाराज १९२२ साली वारले. त्यांनी काढलेले कायदे आणि हुकूम पुष्कळ आहेत. पण मला वाटते, रस्त्यात उभे राहून घेतलेला तो चहा एखाद्या हुकुमाएवढाच मोलाचा होता.

स्वराज्य आले, घटनेने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ साली त्याचा कायदा झाला. १९७६ साली त्यालाच नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. या कायद्यात हॉटेल आणि उपाहारगृहातील भांडी वापरण्याच्या हक्काचा मुद्दाम उल्लेख आहे. देशाच्या कायद्याला कपबशीपर्यंत यावे लागले, यावरून दुखणे किती खोल होते ते समजावे. पुढे १९७० नंतरच्या वर्षांत डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम चालवली आणि गावोगावच्या विहिरींचा प्रश्न वेशीवर टांगला. वळचणीचे कप हळूहळू गेले. पण ते गेले म्हणून सगळे संपले, असे मला म्हणता येत नाही. का, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका गावात हरभऱ्याची शेतीशाळा चालली होती. गावाचे नाव सांगत नाही. दर पंधरा दिवसांनी एका बागाईतदाराच्या ओट्यावर आम्ही जमत असू. एक म्हातारे शेतकरी नेमाने येत. पण ते ओट्यावर बसत नसत. समोरच्या लिंबाखाली उभे राहत, शेवटपर्यंत नीट ऐकत, आणि आतून किटली येताना दिसली की पायात वहाणा सरकवून चालू लागत. दोन वेळा असे झाले. तिसऱ्या वेळी मी त्यांच्याबरोबर एस.टी. थांब्यापर्यंत चालत गेलो आणि विचारले, “बाबा, चहाला का थांबत नाही?”

ते म्हणाले, “सायेब, माहिती पाह्यजे. च्या नको.”

आणखी थोडे चालल्यावर आपण होऊन बोलले. “माझ्या बापाचा कप वळचणीला व्हता. आता तसं काही ऱ्हायलं नाही, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही नीट बघा. समद्यांना कपबशी येती, आमच्या चौघांना कागदाचा कप येतो. पाहुणे जास्त झाले म्हणत्यात. दर बारीला पाहुणे आमच्यापाशीच कसे जास्त व्हत्यात?”

मी आठवून पाहिले. ते म्हणत होते तसेच होते. कोणी काही बोलत नव्हते, कोणी कोणाला उठवत नव्हते. ताटात दोन तऱ्हेचे कप येत होते, इतकेच.

आता यात शेतीचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा. त्यांच्या दोन एकर हरभऱ्याला तीन वर्षे मर लागत होती. उभे झाड फुलावर येता येता सुकत होते. शेतीशाळेत लोक प्रश्न विचारतात ते चहा घेताना, आणि हे गृहस्थ तर चहाआधीच निघून जात. बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळायचे हे त्यांनी ऐकले होते. पण त्यांच्या रानात दर साल हरभऱ्यावर हरभराच येत होता. त्यात फेरपालट करायला हवी आणि राहुरीच्या विद्यापीठाचे ‘विजय’, ‘दिग्विजय’ यांसारखे मर सोसणारे वाण घ्यायला हवेत, ही त्यांच्या कामाची गोष्ट विचारण्यावाचून राहून गेली होती. एका कागदी कपामुळे दोन एकरांचे पीक जात होते.

पुढची शेतीशाळा आम्ही गावच्या शाळेच्या व्हरांड्यात भरवली. चहाचे काम बचत गटाकडे दिले. गटाच्या अध्यक्ष बाईंना मी झालेली हकीकत सांगितली. त्या फार शिकलेल्या नव्हत्या. त्यांनी भाषण केले नाही. त्या म्हणाल्या, “कागदी कप आणूच नका. कप आम्ही घरोघरचे गोळा करतो.” आणि खरोखरच त्यांनी पाटी घेऊन गावभर फिरून घराघरातून दोन-दोन, तीन-तीन कप जमवले. वाड्यातले, वस्तीवरचे, त्या म्हाताऱ्या बाबांच्या घरचेसुद्धा. सगळे एका घमेल्यात धुतले आणि एका ताटात मांडले. फुलांचे, पट्ट्यांचे, निळे, पांढरे. कोणता कप कोणाच्या घरचा, हे शोधायला गेले तरी सापडले नसते.

दोघा-तिघांनी त्या दिवशी “चहा सोडलाय” म्हणून सांगितले. त्यांतला एकजण पुढच्या खेपेला प्यायला लागला. बाकीच्यांचे मला ठाऊक आहे, पण त्याची इथे चर्चा नको. लिंबाखालचे बाबा मात्र त्या दिवशी व्हरांड्यात बसले. बशीत चहा ओतून घेतला, एक घोट घेतला आणि मला म्हणाले, “सायेब, माझ्या हरबऱ्याचं इचारायचं ऱ्हायलंय.” पुढच्या वर्षी त्यांनी त्या रानात ज्वारी घेतली आणि हरभरा दुसऱ्या तुकड्यात नव्या वाणाचा केला.

बांधावरचा चहा

आता प्रश्न आपल्या घरचा. कांद्याची लागवड, खुरपणी, काढणी यांसाठी आपल्याकडे बाया येतात. दुपारी बांधावर चहा येतो. तो कोणाला आधी मिळतो, कशात मिळतो आणि कोण ओततो, हे एक दिवस नुसते पाहा. काही घरांत मी पाहिले आहे, घरची सून स्वतः किटली घेऊन येते, टोळीतल्या वयस्क बाईला पहिला कप देते आणि आपला कप सर्वांत शेवटी भरून त्यांच्यातच बसते. काही घरांत मालकाचा चहा थर्मासमध्ये आणि बायांचा कागदी कपात. त्या बाया बोलत नाहीत. पण पुढच्या वर्षी टोळी कोणाच्या कांद्याला आधी जाते आणि कोणाचा कांदा रोपातच म्हातारा होतो, ते लागवडीच्या दिवसांत कळते.

कागदी कपाचे आणखी एक सांगायला हवे. तो नुसता कागदाचा नसतो. चहा झिरपू नये म्हणून त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेला असतो. बांधावर फेकला की कागद कुजतो आणि तो थर जमिनीत राहतो. तेव्हा जमिनीसाठीही तो नको आणि माणसांसाठीही नको. एक डझन स्टीलचे सारखे पेले बाजारात घ्या. एकदा घेतले की वर्षानुवर्षे टिकतात. रानात नेताना ते एका पिशवीत न्या, सगळ्यांचे झाल्यावर एकाच बादलीत विसळा आणि घरी आल्यावर आपल्याच मांडणीवर ठेवा. मजुरांचे म्हणून वेगळे फडताळ करू नका. पोरे हे पाहत असतात. त्यांना यापेक्षा वेगळा धडा देण्याची गरज पडणार नाही.

खरिपाच्या सभा आता लागतील. तुमच्या गावात आमचा माणूस येईल, सोयाबीन-तुरीचे चार शब्द सांगेल, आणि मग कोणाच्या तरी घरून किटली येईल. त्या वेळी ओट्याच्या खाली, झाडाच्या सावलीला, भिंतीच्या कडेला कोणी उभे आहे का ते आधी पाहा. असेल तर त्याला वर बोलवा आणि ताटातला पहिला कप त्याच्या हातात द्या. त्याला काहीतरी विचारायचे असेल.